पहिलं सेम झालेला मुलगा

बारावीपर्यंत या मुलाला घरातल्या कुठल्याच गोष्टीवर मत नव्हतं. भाजी काय करू म्हटलं तर ‘काहीपण’, शर्ट कुठला घेऊ म्हटलं तर ‘कुठलापण’. त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दलची मतंसुद्धा इतरांनीच वाटून घेतली होती. सीईटी झाली, पर्सेंटाईल आलं आणि इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला ताईच्या घरी अख्खा गोतावळा जमला. ज्यांनी पुण्यातलं कॉलेज सोडाच, पुणे स्टेशनच्या बाहेरची रिक्षासुद्धा नीट बघितली नव्हती, तेही ‘कॉम्प्युटर नाही मिळालं तर एंटीसी टाक, सिव्हिलच्या वाटेला जाऊ नकोस’ असं बजावून, चहा पिऊन गेले. या सगळ्या वेळात चिरंजीव कोपऱ्यात मोबाईलवर गेम खेळत होते.

हेच चिरंजीव पहिलं सेम संपवून जानेवारीत सोलापूरला परतले, तेव्हा त्यांना मत नाही असा विषय जगात शिल्लक राहिला नव्हता.

मी त्याचा मामा, म्हणून मला हा नमुना जवळून बघायला मिळाला. पण तो काही एकट्या ताईच्या घरचा नाही. लातूर, नांदेड, जळगाव, सांगली, जिथून जिथून पोरं पुण्याला शिकायला जातात, तिथं तिथं दर हिवाळ्यात तो उगवतो. मुलीही त्याला अपवाद नाहीत. फक्त त्यांची मतं जास्त मुद्देसूद असतात, त्यामुळे घरच्यांना पळवाट राहत नाही.

तो आलाय हे आधी त्याच्या बॅगेवरून कळतं. जाताना ताईनं याच बॅगेत इस्त्रीच्या घड्या, रुमाल, गोळ्यांची डबी असं सगळं कप्प्याकप्प्यानं भरलं होतं. आता ती हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री उशिरा घरात येते, आणि तिची चेन उघडल्याबरोबर कोपऱ्यातलं मांजर उठून बाहेर जातं. ताई एकेक कपडा दोन बोटांत धरून काढते.

“हा टी-शर्ट कुणाचा रे?”

“माझाच. म्हणजे रूमचा.”

कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांत कपड्यांची मालकी पहिल्या महिन्यातच संपलेली असते. टॉवेल निघतो तो जळगावच्या पोराचा, आणि आपला टॉवेल सध्या नांदेडला सुट्टी घालवत असतो. मोजे बरेच निघतात, जोडी एकही नाही. बॅगेच्या तळाशी गोळ्यांची डबी मात्र जशीच्या तशी. तापाचं काय केलंस म्हणून विचारलं, तर ‘आमच्याकडं कुणी तापबिप लोड नाही घेत’ असं उत्तर मिळतं.

हे ‘आमच्याकडं’ म्हणजे सोलापूर नव्हे. चार महिन्यांत पुणे ‘आमचं’ झालेलं असतं. “आमच्या पुण्यात अशी धूळ नसते.” “आमच्या पुण्यात नाष्टा दहानंतर मिळतच नाही.” “आमच्या पुण्यात ट्रॅफिक बघा मामा, तुम्ही तर गाडीच काढणार नाही.” हे शेवटचं वाक्य तो ज्या अभिमानानं म्हणतो, तो ऐकून वाटतं की सगळा ट्रॅफिक याच्याच मालकीचा आहे. प्रत्यक्षात त्याच्याकडं गाडी नाही, पीएमपीचा पास आहे, आणि तोही दोनदा हरवून झालाय.

पुण्याची त्याची ओळख हॉस्टेल-मेस-कॉलेज या त्रिकोणात झालेली. त्याबाहेरच्या पुण्याची त्याला ठळक अशी तीन ठिकाणं माहीत. अप्पा बळवंत चौक, तो ‘एबीसी’ म्हणतो, जिथं त्यानं एन. डी. भटांचं ड्रॉइंगचं पुस्तक निम्म्या किमतीत मिळवलं आणि त्यात आधीच्या मालकानं चुकीची उत्तरं लिहून ठेवली होती. दुसरं डेक्कनचं गुडलक, जे 1935 पासून आहे ही माहिती तो बन-मस्का खाता खाता देतो, जणू उद्घाटनाला हजर होता. आणि तिसरं सिंहगड.

सिंहगडावरून घरात जरा तणावच झाला. एका रविवारी सगळी रूम पहाटे उठून गड चढून गेली. (रविवारी पहाटे उठला, हे ऐकून दाजींनी पेपर खाली ठेवला.) तिथं त्यानं काय केलं, तर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं. त्याचं वर्णन तो आजीपुढं करायला लागला. गरम गरम भाकरी, वर ठेचा, सोबत कांदा फोडून, आणि काय तो वास! आजी शांतपणे ऐकत होती. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेला पोरगा, ज्याला ताटात भाकरी दिसली की पोट दुखायचं, तो भाकरीचं वर्णन करत होता.

“किती घेतले?” आजीनं विचारलं.

त्यानं आकडा सांगितला.

“आन् वर डोंगर चढायला लावला?”

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत आजीनं त्याला रोज भाकरी वाढली. वाढताना प्रत्येक वेळी सिंहगडचा भाव तोंडी सांगितला.

या मुलाचं सगळं ज्ञान ‘सीनियर’ नावाच्या एका ठिकाणाहून येतं. सीनियर हे एका माणसाचं नाव नव्हे. ती एक सामूहिक वाणी आहे. सीनियर म्हणतात, पहिल्या सेमचा लोड घ्यायचा नसतो. सीनियर म्हणतात, एम-वन, म्हणजे गणित, तेवढं काढायचं, बाकी आपोआप निघतं. सीनियर म्हणतात, पंचाहत्तर टक्के हजेरी हा नियम फक्त डिफॉल्टर लिस्ट लावण्यापुरता असतो. दाजी सरकारी खात्यात, त्यांचा लेखी कागदावर विश्वास. कॉलेजकडून ‘आपला पाल्य आज गैरहजर’ असा मेसेज आला की ते सकाळी ताबडतोब फोन लावत. पलीकडून झोपेतला आवाज येई, “पप्पा, लेक्चरलाच आहे, हळू बोला.” दाजी खरोखर हळू बोलत. ताईनं मात्र पंख्याचा आवाज ओळखलेला असे.

ताईचा अभ्यास वेगळाच होता. पहिल्या पंधरवड्यात पोराचे दिवसातून चार चार फोन यायचे आणि प्रत्येकाला काहीतरी निमित्त असायचं. आधार कार्डची झेरॉक्स कुठल्या फाईलमध्ये आहे? निळा शर्ट गरम पाण्यात टाकू का? आज घरी काय केलंय? या शेवटच्या प्रश्नानंतर तो थोडा वेळ काहीच बोलत नसे. ताईही बोलत नसे. पुढं गणपती झाले, फोन दोनावर आले, मग एकावर, आणि नवरात्रापर्यंत संभाषण ‘हं’पाशी येऊन थांबलं. आता ताई त्या ‘हं’ची लांबी मोजते. आखूड असेल तर पोरं भोवती आहेत. लांब असेल तर जेवला नाहीय. दोन ‘हं’ लागोपाठ आले तर पैसे संपलेत.

मेसनं या मुलात जे बदल घडवले, ते सतरा-अठरा वर्षांत आम्हा कुणालाच जमले नव्हते. दोडक्याची भाजी मागून घेतो. ताट उचलून स्वतः धुतो. ताईनं पहिल्या दिवशी हे बघितलं आणि भरल्या डोळ्यांनी स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की तो फक्त ताट धुतो, त्याच्या पलीकडचं पातेलं त्याला दिसत नाही. मेसची भाषाही त्यानं सोबत आणली. एकदा सकाळी सहज म्हणाला, “आई, उद्या आणि परवा माझा खाडा हं. बार्शीच्या मित्राकडं हुरड्याला चाललोय.”

“खाडा? ही काय मेस आहे?”

“तसं नाही गं. आधी सांगितलं की जेवण वाया जात नाही.”

“आणि पैसे कापून घेणार का माझ्याकडनं?”

त्यानं क्षणभर विचार केला, हे मला दिसलं. रविवारी दुपारी गोड झालं तर ‘आज फीस्ट’ म्हणतो, आणि रात्री घरात चूल पेटलेली बघून चकित होतो, कारण रविवारी रात्री मेस बंद असते.

दिवाळीत तो आला होता तो सेमच्या अगदी मध्यात, खांद्याला ड्रॉइंग शीटची लांब काळी नळी अडकवून. गाडीतल्या गर्दीत त्या नळीनं वाटेत काय काय झालं असेल ते हुतात्माच्या प्रवाशांनाच माहीत. नरक चतुर्दशीच्या रात्री बाहेर फटाके उडत होते आणि हा हॉलमध्ये टीपॉयची काच काढून दोन स्टुलांवर आडवी ठेवत होता. खाली त्यानं दाराला लावलेली दिव्यांची माळ गुंडाळून ठेवली. काचेवर सीनियरची शीट, तिच्यावर स्वतःची कोरी शीट. लाल-हिरव्या-निळ्या उजेडात पेन्सिल चालू.

“हे काय चाललंय?” दाजी.

“जीटी मारतोय. ग्लास ट्रेसिंग.”

“म्हणजे कॉपी?”

“पप्पा, रेषा मीच मारतोय ना?”

दाजी निरुत्तर झाले. अडचण एवढीच होती की ती माळ लुकलुकणारी होती. रेघ निम्मी उजेडात आणि निम्मी अंधारात पडे. शेवटी रात्री उशिरा शीटच्या एका कोपऱ्यात उजेड कमी पडतो म्हणून दाजीच मोबाईलचा टॉर्च लावून स्टुलाखाली बसलेले मी पाहिले.

त्याच दिवाळीत चुलत बहिणीचा साखरपुडा होता. मुलाकडची मंडळी समोर बसलेली, सुपारी फुटली, आणि तेवढ्यात हा मागून बेंबीच्या देठापासून ओरडला, “अरे, आव्वाज कुणाचा?” गुरुजींच्या हातून तबक कलंडलं. खुलासा असा, की पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा होते, भरत नाट्य मंदिरात पोरं हीच आरोळी ठोकतात, आणि आपल्या कॉलेजच्या एकांकिकेत चिरंजीवही ‘होते’. कसली भूमिका, म्हणून वराकडच्या एका गृहस्थांनी कौतुकानं विचारलं. बरेच आढेवेढे घेतल्यावर कळलं की त्यानं लेव्हल उचलल्या. अंधार झाला की रंगमंचावर जायचं, लाकडी लेव्हल उचलायची, उजेड यायच्या आत परत यायचं. “पण मामा, तीन सेकंदांत,” तो म्हणाला. घरी पाण्याची बादली उचलायला यालाच अर्धा तास लागतो.

आता तात्यांबद्दल सांगायला पाहिजे. तात्या म्हणजे दाजींचे वडील, याचे आजोबा. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण मागच्या अंगणात टाकीशेजारी पत्र्याखाली बोल्टनं बसवलेला त्यांचा जुना वाईस अजून आहे, आणि गल्लीतली अडलेली कुलपं तिथंच सुटतात. पहिल्या वर्षाला शाखा कुठलीही असो, वर्कशॉप सगळ्यांना असतं. त्यामुळे कॉम्प्युटरच्या या पोरालाही हॅकसॉ आणि कानस हातात घ्यावी लागली. फिटिंगचा जॉब, म्हणजे लोखंडी पट्टीचे दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला जीभ, दोन्ही एकमेकांत बसले पाहिजेत. सबमिशन झाल्यावर तो जॉब त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून खास तात्यांसाठी आणला. पुण्याहून आणलेली ही एकच वस्तू अशी, जी धुवायची नव्हती.

तात्यांनी चष्मा लावला. जॉब धोतराच्या टोकानं पुसला, दोन्ही तुकडे एकमेकांत बसवले आणि ट्यूबलाईटपुढं धरले.

“उजेड येतोय की.”

“तात्या, सरांनी सही केलीय त्याच्यावर.”

“सरांना चष्मा कितीचा आहे?”

एरवी ज्या मुलाकडं प्रत्येक प्रश्नाला सीनियरचं उत्तर असतं, तो पहिल्यांदा गप्प बसला. तात्या उठले, ट्रंकेतून तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली कानस काढली आणि अंगणात गेले. पाठोपाठ हा. मग दोन दिवस मागून खस्स खस्स आवाज येत होता. “पुढं जाताना कापती ती. माघारी येताना दाब सोड. ओढू नको, झिजंल.” “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” “सांगितलं असंल. तू तवा मोबाईल बघत असशील.” तात्यांच्या आवाजात एक करडेपणा आला होता, जो घरात कुणी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. आणि ज्याला ताईनं चार वेळा हाक मारली तरी कळत नाही, तो पोरगा एका हाकेत ‘हां तात्या’ म्हणत होता. मोबाईल तोवर हॉलमध्ये वाजून वाजून थकला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ट्यूबलाईटपुढं परीक्षा. उजेड येत होता, पण केसाएवढा. तात्यांनी जॉब दोनदा फिरवून बघितला.

“आता हेल्पर म्हणून घेतला असता,” ते म्हणाले.

पेपर कसे गेले, हा प्रश्न मात्र त्या घरात कुणी थेट विचारत नव्हतं. विचारलाच तर उत्तर ठरलेलं, “ओके गेले.” एम-वन? “ओके.” दाजींना टक्के हवे असतात, याच्याकडं एसजीपीए असतो, आणि तोही अजून लागायचा. “साडेसात एसजीपीए म्हणजे किती टक्के?” “तसं नसतं पप्पा.” “मग नोकरीच्या फॉर्मवर काय लिहिणार?” हा वाद तीन जेवणं चालला. पण ग्रुपवर कुणी ‘रिझल्ट आज?’ असं टाकलं की हा गच्चीवर जायचा, आणि खाली आल्यावर न सांगता भाजी निवडायला बसायचा. केटी लागली तर काय, हे त्यानं आईला आधीच समजावून ठेवलं होतं, सगळ्यांनाच लागते म्हणून. ताईनं मला बाजूला घेऊन विचारलं, “सगळ्यांना लागते, तर हा मेथी का निवडतोय?”

त्याच दिवसांत गड्डा होता. सिद्धेश्वराची यात्रा. भोगीच्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज निघतात, अख्खं सोलापूर रस्त्यावर असतं. तात्या पांढरी बाराबंदी घालून सकाळीच तयार झाले. चिरंजीव पांघरुणातून म्हणाले, “गर्दीत कोण जाणार? आणि लाइव्ह असतं की यूट्यूबवर.” उठले ते अक्षता पडून गेल्यावर.

हे मुद्दाम सांगितलं, कारण फेब्रुवारीत माझं पुण्याला काम निघालं आणि मी त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. आत तीन पोरं एका कॉटवर बसलेली, मध्ये ताईनं दिलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी. आमचे चिरंजीव उभे राहून हातवारे करत बोलत होते.

“तुम्हाला काय माहीत बे गड्डा! सात नंदीध्वज असतात आमच्याकडं. हे एवढे उंच. सगळे पांढऱ्या बाराबंदीत. अक्षता पडतात ना, तेव्हा... ते सांगून कळणार नाही. बघायलाच यायला पाहिजे.”

मी दारातच थांबलो. पुढं तो सोलापूरच्या उन्हावर आला. पुण्यातलं ऊन म्हणजे काहीच नाही, आमच्याकडं एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतं, हे तो अशा दिमाखात सांगत होता की समोरच्यांना हेवा वाटावा. जळगावच्या पोरानं जळगावचं ऊन पुढं केलं, भरताची वांगी पुढं केली. मग कडक भाकरी महिनाभर टिकते यावर पैज लागली. ती भाकरी तिथं तासभर टिकेल असंही चिन्ह नव्हतं. प्रत्येकाच्या कॉटवर एकेक सोलापुरी चादर होती. सोलापूरच्या पोरानं पुण्यात पाऊल टाकलं की पहिली ऑर्डर चादरीची येते, आणि दाजींनी दुकानात उभं राहून, धागा बघून, एकेक चादर निवडून पाठवली होती. टेबलावर पेपरवेट म्हणून तो लोखंडी जॉब ठेवला होता. नांदेडच्या पोरानं तो उचलला, तसा हा म्हणाला, “लाईटसमोर धरून बघ. उजेड येतो का? कानस माघारी आणताना दाब सोडायचा असतो, हे इथं एकालाही माहीत नाही.”

तेवढ्यात त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. कान लाल झाले. मग लगेच पुढं आला, बॅग घेतली, पाया पडला, आणि कानाशी हळूच म्हणाला, “मामा, एम-वन निघालं.” पुढच्याच सेकंदाला मोठ्यानं, “तसा लोड नव्हताच.”

“मग पार्टी कुठं?” मी विचारलं.

“मेसमध्ये चला. तुम्ही पैसे काढायचे नाहीत. माझा एक खाडा शिल्लक आहे, त्याच्यात तुम्ही जेवा.”

मेसच्या काकूंनी वही उघडली, बोट फिरवलं आणि वही मिटली. खाडा पाहुण्याच्या नावावर वळत नाही, आणि सलग तीन दिवस नसेल तर तो मुळात धरतच नाहीत, असं त्यांनी सांगितलं. पाहुण्याचं ताट वेगळं, पैसे आधी. चिरंजीवांनी काकूंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि नियम सीनियरनी चुकीचा सांगितला म्हणाले. मी पाकीट काढलं. तो घाईघाईनं म्हणाला, “मामा, सुट्टे देऊ नका, स्कॅन करा. आणि आज दोडका आहे, डबल घ्या.”